वाटणी नको म्हणणारा बॅरिस्टर

प्रिय विवेक,
सप्रेम नमस्कार.

इतक्या वकिलांत मी एडवर्ड कार्सनच्याच मागे का लागलोय, असं तू स्टँडवर विचारलंस. तेवढ्यात तुझी एस.टी. लागली.

कार्सन डब्लिनचा, जन्म १८५४. लंडन गाजवलं तरी बोलण्यातला डब्लिनचा हेल सुटला नाही. १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डने क्वीन्सबरीच्या मार्क्विसवर, म्हणजे एका बड्या उमरावावर, बदनामीचा खटला भरला, तेव्हा मार्क्विसच्या बाजूने हा उभा होता. वाइल्ड ट्रिनिटी कॉलेजातला त्याच्याच वेळचा. त्याने शपथेवर वय एकोणचाळीस सांगितलं होतं. कार्सनने उलटतपासाला उभं राहताच जन्मतारीख पुढे केली: चाळीस उलटलेली! खटला वाइल्डवरच उलटला आणि पुढे तो तुरुंगात गेला, ते वाचताना मला अजून वाईट वाटतं. पण पाच शिलिंगांच्या पोस्टल ऑर्डरच्या चोरीचा ठपका आलेल्या नौदलाच्या कोवळ्या कॅडेटसाठी सरकारशी झगडला तोही हाच. १९१० मध्ये मुलगा निर्दोष आहे हे सरकारने भर कोर्टात मान्य केलं.

त्याच वर्षी तो आयरिश युनियनिस्टांचा नेता झाला. (आपल्या कामगार युनियनशी याचा संबंध नाही; आयर्लंड ब्रिटनला जोडलेलंच राहावं म्हणणारे ते युनियनिस्ट.) २८ सप्टेंबर १९१२ ला बेलफास्टच्या सिटी हॉलमध्ये होमरूल (आयर्लंडला स्वतःचं कायदेमंडळ) रोखण्याच्या प्रतिज्ञापत्रावर पहिली सही त्याची, मागोमाग सव्वादोन लाखांवर पुरुषांनी सह्या केल्या. १९१४ मध्ये लार्न बंदरात त्यांच्यासाठी चोरून रायफली उतरल्या, त्यालाही त्याची संमती होती. कायद्यावर जगलेल्या माणसाने हे करावं, हे मला पटत नाही, विवेक. तू कितीही बाजू घे.

तरी त्याला सोडवत नाही. उत्तरेकडचा अल्स्टर प्रांत अडून बसला की होमरूलच बारगळेल आणि सगळं आयर्लंड एकत्र ब्रिटनमध्ये राहील, हा त्याचा डाव होता. हाती आल्या उत्तरेतल्या सहा काउंट्या (जिल्हे), आणि डब्लिन फाळणीच्या पलीकडे गेलं. डिसेंबर १९२१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तो कडवटपणे बोलला, की कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला सत्तेवर आणण्याच्या खेळात मी नुसती कठपुतळी होतो, अल्स्टरही आणि आयर्लंडही.

दिवाणी कोर्टात मी असे अशील पाहिलेत. घर मोडू नये म्हणून वर्षानुवर्षं तारखांना येतात आणि शेवटी वाटणीचाच हुकूमनामा घेऊन जिना उतरतात. त्यांना काय सांगावं, मला कधी सुचलं नाही. कार्सन वाचताना तेच चेहरे समोर येतात.

१९३५ मध्ये तो गेला. सरकारी इतमामात दफन झालं ते बेलफास्टच्या सेंट अ‍ॅन कॅथीड्रलमध्ये, डब्लिनमध्ये नाही.

वहिनींना नमस्कार. पुढच्या खेपेला मुक्कामालाच ये.

तुझा,
अनंत