टायर नवे आहेत, मग पुन्हा कशाला?

महोदय,

परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या खर्चावर आपल्या वाचकपत्रांच्या सदरात सध्या बरेच छापून येत आहे. त्यात एका पालकांनी कॅनडातल्या मुलाबद्दल लिहिले आहे. पोराने जुनी गाडी घेतली, तिचे टायर जवळजवळ नवे होते, तरी थंडी सुरू होताच दुकानदाराने ‘विंटर टायर घ्या’ म्हणून हजार डॉलर काढायला लावले. म्हणजे साठ-पासष्ट हजार रुपये, आणि ही सरळसरळ लूट आहे, असे त्यांचे म्हणणे. परमुलखात विद्यार्थ्यांना गंडवणारे कमी नाहीत, ते मी बघतोच. पण या बाबतीत त्या दुकानदाराचे बरोबर आहे आणि पालकांचे चूक. माझी उभी नोकरी एसटीच्या डेपोत टायर सेक्शनला गेली. निवृत्तीनंतर मुलीकडे, ऑन्टॅरियो प्रांतातल्या बॅरी या गावी येणे-जाणे असते आणि तेही नेमके हिवाळ्यात, कारण नातवंडांना शाळेत सोडा-आणायला तेव्हाच माणूस लागते. त्यामुळे दोन्हीकडचे टायर हाताळून झाले आहेत.

आपल्याकडे टायरवाल्याचा पहिला प्रश्न एकच, नक्षी किती राहिली? गोटा झाला असेल तर काढा, नाहीतर चालू द्या. आमच्या डेपोत नक्षी संपली की टायर रिट्रेडिंगला, म्हणजे वरून नवी नक्षी चढवायला जायचा. परत आला की मागच्या चाकाला. पुढे नवाच. हा सगळा हिशेब उष्ण मुलखाचा. इथे टायरला तोंड द्यायचे असते ते उन्हाला, ओझ्याला आणि जूनमध्ये घाटात वाहणाऱ्या पाण्याला. गगनबावड्याच्या उतारावर खाचांनी पाणी बाहेर फेकले की त्याचे काम झाले. रबर कडक असलेलेच बरे, तापून लवकर झिजत नाही.

कॅनडात नोव्हेंबर ते मार्च हे गणित उलटे होते. पारा साधारण 7 अंशांच्या खाली आला की आपल्या ओळखीचे रबर ताठर व्हायला लागते. शून्याच्या बरेच खाली गेल्यावर ते रस्ता धरत नाही, नुसते वरून घासत जाते, जुने वाळलेले खोडरबर कागदावरून जाते तसे. नक्षी शाबूत, टायर नवाकोरा, तरी पकड नाही. आणि यासाठी बर्फ पडलेला असावा असेही नाही. कोरड्या पण गारठलेल्या डांबरावरही फरक पडतो.

विंटर टायर मी पहिल्यांदा जावयाच्या गॅरेजमध्ये नीट बघितला. आदल्या रात्री पारा उणे दहाच्या आसपास होता, गॅरेजला हीटर नाही. अंगठ्याने नक्षीचा ठोकळा दाबला तर तो चक्क दबला आणि त्यावरच्या बारीक नागमोडी चिरा उघडल्या. एका चिरेत नख गेले. शेजारी भिंतीला काढून ठेवलेले उन्हाळी टायर होते, त्यांच्यावर तेवढाच जोर लावला तर अंगठाच दुखला. टायरच्या धंद्यातल्या माणसाला यापुढे फार समजावून सांगावे लागत नाही. विंटर टायरच्या रबराच्या मिश्रणात सिलिका जास्त असते, ते थंडीत मऊ राहते. चिरांच्या कडा निसरड्या पृष्ठभागाला चावतात. मोठ्या खाचांत बर्फ दाबून बसतो आणि रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. आपल्याकडे खाच मोकळी राहिली पाहिजे असे आम्ही शिकलो, तिथे ती बर्फाने भरलेली चालते! मला हे पचायला थोडा वेळ लागला.

आता ‘बाराही महिने चालणारे’ म्हणून जे टायर गाडीबरोबर येतात त्यांच्याबद्दल. पालकांच्या पत्रातले ‘चांगले टायर’ बहुधा हेच. त्यांच्या बाजूवर एम प्लस एस (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अशी अक्षरे असतात. ही अक्षरे खाचांच्या आकारावरून आणि मोकळ्या जागेवरून मिळतात. बर्फात चालवून बघितल्याशिवायही ती छापता येतात. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह मात्र वेगळे. ते मिळवायला टायरची बर्फावर चाचणी होते आणि ठरलेल्या नमुना टायरपेक्षा तो सरस ठरावा लागतो. तरी ही चाचणी दाबलेल्या बर्फावर टायर पकड घेऊन गाडी किती ओढतो याची आहे. काचेसारख्या गोठलेल्या थरावर गाडी कुठे थांबेल याची हमी ते चिन्हही देत नाही. पोरांना हे सांगायला हवे, नाहीतर विंटर टायर बसवले म्हणून कोणी हायवे 400 वर शंभरने जाईल.

कायद्याचे म्हणाल तर प्रत्येक प्रांताची तऱ्हा वेगळी. क्युबेकमध्ये 2008 पासून सक्ती आहे. आता तिची मुदत 1 डिसेंबर ते 15 मार्च, आणि ते डोंगर-हिमकणाचे चिन्ह नसेल तर दंड. ब्रिटिश कोलंबियात डोंगरी महामार्गांवर 1 ऑक्टोबरपासून हिवाळी टायर लागतात, पण तिथे एम प्लस एस चालते, नक्षी साडेतीन मिलिमीटर असली म्हणजे झाले. ऑन्टॅरियोत, जिथे आपली बहुतेक मुले आहेत, सक्ती अजिबात नाही. तिथे फक्त एवढे केले आहे की, 1 जानेवारी 2016 पासून विंटर टायर बसवणाऱ्याला विमा कंपनीने हप्त्यात सवलत दिलीच पाहिजे. सवलत फार नसते, काही टक्केच. पण नव्या पोरांचा विम्याचा हप्ताच इतका जबर असतो की तेवढीही कामाला येते, आणि ती मागितल्याशिवाय कोणी आठवणीने देत नाही.

सक्ती नाही म्हणून गरज नाही, हा अर्थ आपण काढतो. बॅरी टोरांटोच्या उत्तरेला, जॉर्जियन बे नावाच्या प्रचंड पाण्याच्या आग्नेयेकडल्या टापूत. हिवाळ्याच्या सुरुवातीला ते पाणी अजून गोठलेले नसते. त्यावरून वायव्येचा थंड वारा येतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आला की बर्फ ओततो. टोरांटोत ऊन आणि इकडे पुढच्या गाडीचा दिवा दिसत नाही, असे एकाच दुपारी होते. रस्त्यावर मीठ टाकतात, पण पारा उणे बाराच्या खाली गेला की मिठाचा जोर ओसरतो. आणि सगळ्यात वाईट दिवस कडाक्याच्या थंडीचा नसतो. शून्याच्या आसपास, दिवसा वितळून रात्री गोठलेला जो पातळ थर असतो तो डांबरासारखाच काळा दिसतो आणि त्याच्या इतके निसरडे काही नाही.

मुलीच्या शेजारच्या घरात तळघरात बारामतीकडचा एक मुलगा भाड्याने राहायचा. कॉलेज करून रात्री गोदामात कामाला. त्याने जुनी कोरोला घेतली आणि कोणाच्या तरी सल्ल्याने पैसे वाचवायला फक्त पुढच्या दोन चाकांना विंटर टायर लावले. कारण काय, तर गाडी पुढच्या चाकांवर ओढते. ऐकायला शहाणपणाचे वाटते. बॅरीत पुष्कळ रस्ते तळ्याकडे उतरतात. पहाटे कामावरून येताना उतारावरच्या स्टॉप साइनला त्याने ब्रेक दाबला, पुढची चाके धरली, मागची धरेनात, आणि शेपूट फिरून गाडी आडवी झाली. फुटपाथच्या कडेला मागचे चाक आपटले, रिम वाकली. समोरून कोणी नव्हते हे नशीब. सकाळी मी जाऊन बघितले. मागच्या टायरची नक्षी उत्तम होती, सात-आठ मिलिमीटर सहज. पण ठोकळे दगड झालेले.

म्हणून, घ्यायचे तर चार घ्या. पुढे चांगले आणि मागे कसेही हा डेपोतला नियम तिथे नेऊ नका. चारचाकी ड्राइव्हवाल्या गाडीचा दिमाखही तेवढाच पोकळ. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते झटकन, हे खरे. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात, आणि थांबणे व वळणे शेवटी टायरवरच आहे. खड्ड्यात उतरलेल्या गाड्यांत मला मोठ्या गाड्याच जास्त दिसल्या. निघता आले म्हणजे थांबताही येईल असे त्या चालवणाऱ्याला वाटत असावे.

सगळ्यांनाच हे टायर लागतात असे मी म्हणणार नाही. टोरांटोत मेट्रोच्या स्टेशनाजवळ राहणाऱ्या मुलाने मुळात गाडीच घेऊ नये, टायर दूरच. व्हँकुव्हरला किनाऱ्यावर बर्फ क्वचित. तिथे डोंगर-हिमकणाचे चिन्ह असलेले पण वर्षभर ठेवता येणारे टायर मिळतात, त्यांवर भागते. बर्फ पडला की रजा टाकून घरी बसू शकणाऱ्या माणसालाही मी आग्रह करणार नाही. पण आपली मुले नेमकी उलट आहेत. त्यांच्या पाळ्या पहाटेच्या नाहीतर मध्यरात्रीच्या, रस्त्यावरचा बर्फ सारणारे नांगर फिरायच्या आधीच्या. बर्फ पडला म्हणून त्यांना कोणी सुट्टी देत नाही. गाडी सर्वांत स्वस्त, अनुभव सर्वांत कमी. ज्यांना या टायरची सर्वांत जास्त गरज आहे तेच त्यावर काटकसर करतात, आणि ती बऱ्याचदा इथून फोनवर आपण शिकवलेली असते. ‘आहेत ते झिजलेत का? मग पुढच्या वर्षी बघू.’

पैशाचा हिशेबही आपण अर्धाच करतो. लोखंडी रिमसकट चार टायर लहान गाडीला 800 ते 1200 डॉलरला पडतात, दुकान आणि साइज बघून. पण ते पाच महिने फिरत असताना दुसरा संच आराम करतो. दोन्ही मिळून जास्त वर्षे जातात, नवे टायर घ्यायची वेळ तेवढी लांबते. रिम वेगळी घेतली की दर हंगामाला टायर उतरवून चढवायचा खर्च नाही, जॅक आणि पाना असला की घरीसुद्धा बदलता येते. उलट एक ठोकर बसली की विम्यात स्वतः भरायची रक्कमच साधारण हजार डॉलर असते, टोइंग वेगळे, आणि पुढच्या वर्षी हप्ता वाढतो तो वेगळाच. फक्त मार्च-एप्रिलनंतर ते तसेच ठेवून उन्हाळा काढू नये. मऊ रबर उन्हात भराभर झिजते आणि तापलेल्या रस्त्यावर ब्रेकही लांब लागतो.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, मी स्वतः दोघांना निवडून दिले आहेत. पण बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचायचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3216 असेल तर 2016 सालचा बत्तिसावा आठवडा, मग तो कितीही चमकत असला तरी सोडून द्यायचा, कारण मऊपणा वयाबरोबर जातो. नक्षी चार मिलिमीटरच्या खाली असेल तर फुकट दिला तरी नको. आणि हे सगळे ऑक्टोबरमध्ये उरकायचे. पहिला बर्फ पडला की दुकानांत तारीख मिळत नाही.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीला एक सूचना करतो. दरवर्षी ‘कॅनडाला निघताना’ म्हणून जी यादी येते तिच्यात कुकर, थर्मल आणि मेतकूट असते. एजंटही तेच सांगतात. जानेवारीत कॉलेज सुरू होणारी मुले तर ऐन बर्फात उतरतात आणि दोन-तीन महिन्यांत गाडी बघायला लागतात. त्या यादीत टायरची चार वाक्ये घाला. आणि ऑन्टॅरियोने क्युबेकसारखी सक्ती केली तर मी तिच्या बाजूचा आहे. सक्ती असली की जुनी गाडी विकणाऱ्यालाही दुसरा संच सोबत द्यावासा वाटतो, आणि मुलांना बापाशी वाद घालावा लागत नाही.

त्या पालकांनी मुलाला फोन करून एवढे विचारावे की, टायर चारही चाकांना बसवले का दोनच, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घेतले का. नंतर थंडी वाढली की हवाही तपासायला सांगावे. पारा तीस अंशांनी उतरला तर टायरमधली हवा पाचएक पौंडांनी कमी होते.

आपला वाचक,
निवृत्त एसटी कर्मचारी, कोल्हापूर
(सध्या मुक्काम बॅरी, ऑन्टॅरियो)