इतिहासाच्या प्राध्यापकाचा तक्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महाविद्यालयांतल्या इतिहास-संशोधनावर आलेला लेख वाचला. आमचे बरेचसे शोधनिबंध एकमेकांच्या उसनवारीवर चालतात, त्यांत नवा कागद क्वचितच दिसतो, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्याचे सगळे खापर त्यांनी प्राध्यापकांच्या आळसावर फोडले आहे. इतिहास शिकवणाऱ्याची बढती ज्या तक्त्यावर ठरते, तो तक्ता त्यांनी आधी डोळ्यांखालून घालायला हवा होता.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत तो आहे. मानव्यविद्यांतल्या एका शोधनिबंधाला १० गुण. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या स्वतंत्र पुस्तकालाही १०. संपादित ग्रंथाला ८, अनुवादित पुस्तकाला ८. आता मोडी लिपीतल्या जुन्या कागदपत्रांचा खंड सिद्ध करणाऱ्याने कुठे बसायचे? संपादनाच्या ओळीत. म्हणजे कित्येक वर्षे दफ्तरात, जुन्या कागदांच्या संग्रहात, डोळे फोडून पदरात पडणार आठ गुण, आणि छापील पुस्तके समोर ठेवून महिन्याभरात उरकलेल्या निबंधाला दहा. रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. या तक्त्याने त्यांचे ३६० गुण झाले असते, म्हणजे छत्तीस निबंधांची किंमत. (ते कुठल्या महाविद्यालयात बढतीच्या रांगेत उभे नव्हते, हे आपले नशीब.)

संपादन म्हटले की अनेकांना वाटते, चार जणांचे लेख गोळा करायचे आणि वर प्रस्तावना लावायची. मोडी कागदाचे तसे नसते. कागदांचा रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) सोडून एक पत्र पुढ्यात घ्या. लिहिणाऱ्याने आधी आडवी रेघ ओढली आहे आणि तिला अक्षरे टांगत नेली आहेत. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते आपणच ठरवायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत. तारीख म्हणावी तर ‘छ ७ जमादिलाखर’ (हिजरी महिन्याचा सातवा चंद्र) एवढीच. नशीब चांगले असेल तर सोबत वर्ष मिळते, तेही अरबी अंकशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. सुहूर सन, म्हणजे पेशवाईच्या कागदांतली कालगणना, ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० येते, आणि हे वर्ष मृगापासून सुरू होते म्हणून १७६०-६१. म्हणजे पानिपतचे साल. वर्षच दिलेले नसेल तर पत्रातल्या मजकुरावरून ते काढायचे: फौजेचा मुक्काम कुठे होता, कोणाच्या मृत्यूची बातमी आहे, कोणाला सुभेदार म्हटले आहे. एका वर्षाची चूक झाली तरी लढाईनंतरचे पत्र लढाईच्या आधी जाऊन बसते आणि पुढचा प्रत्येक अभ्यासक त्याच चुकीवर इमला चढवतो. एवढा खटाटोप छापील खंडात एका तळटीपेत मावतो. तळटीपेला अर्थातच गुण नाहीत.

कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेची, फाइल तपासताना पहिला प्रश्न असतो तो आयएसबीएन (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) आहे का, आणि आतापर्यंत दुसरा असे तो नियतकालिक आयोगाच्या मान्य यादीत आहे का. त्या यादीचीही कथा ऐकण्यासारखी आहे. २०१८ मध्ये आयोगाने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. २०१९ मध्ये तिच्या जागी ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. दरम्यान ‘पैसे भरा, दहा दिवसांत निबंध छापून मिळेल’ असे संदेश आम्हा सगळ्यांच्या फोनवर येत राहिले. प्राध्यापकपदावरच्या बढतीला किमान दहा शोधनिबंध लागतात हे संदेश पाठवणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

शिकवण्याचे मोजमाप तर याहून सोपे आहे. नेमून दिलेल्यापैकी ८० टक्के तास घेतले की शेरा ‘चांगला’. तासाला मुलांपुढे अस्सल पत्र ठेवले की गाइड वाचून दाखवले, याची चौकशी तो शेरा करत नाही.

आता वेळेचे पाहा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. वर परीक्षा, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली, निवडणुकीची कामे. पुराभिलेखागार उघडे असते ते सरकारी कचेरीच्या वेळेत, म्हणजे नेमके आमच्या तासांच्या वेळेत. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जे जमेल ते जमेल, त्यातही उत्तरपत्रिका येतात. तासिका तत्त्वावरच्या तरुणांचे तर विचारूच नका. नेट-सेट झालेली, काही पीएच.डी. झालेली ही मंडळी दोन-दोन महाविद्यालयांत धावतात. तास घेतला तर मानधन. दफ्तरात गेले तर तो दिवस पदरचा. पुढच्या वर्षी नेमणूक मिळेल याची खात्री नसलेल्या माणसाने पाच वर्षांचे काम कोणत्या हिमतीवर अंगावर घ्यायचे?

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध झाली. प्रशासनाला अचानक ज्या विद्येची निकड भासली, तिला इतिहासाच्या प्राध्यापकाच्या बढतीच्या अर्जात रकानाच नाही.

प्रत्येक इतिहास शिक्षकाने मोडीच वाचावी असा माझा हट्ट नाही. कोणी मौखिक इतिहास गोळा करील, कोणी नुसते उत्तम शिकवील, आणि उत्तम शिकवणाऱ्याला निबंधांच्या चरकात घालणे हाही अन्यायच आहे. पण मूळ साधनांवर काम करणाऱ्याला आजची व्यवस्था सरळ तोट्यात घालते. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या विनियमांचा मसुदा आणला, त्यात गुणांच्या बेरजेऐवजी ‘उल्लेखनीय योगदान’ पाहण्याची भाषा आहे. ती भाषा बरी असली तरी मोघम आहे, आणि मोघम शब्दाचा अर्थ शेवटी फाइल तपासणारा लावतो. म्हणून अप्रकाशित साधनांच्या संपादनाला स्वतंत्र पुस्तकाचा दर्जा, दफ्तराच्या वर्णनात्मक सूचीला संशोधनाची मान्यता आणि पुराभिलेखागारातल्या दिवसांना ड्युटी लीव्ह, या तीन गोष्टी नियमांत स्पष्ट लिहाव्यात. अशा कामाचे मूल्यमापन करणाऱ्या समितीत ती लिपी येणारा निदान एक जण असावा. नाहीतर पुन्हा आयएसबीएनपाशीच गाडी थांबेल.

संपादक महोदय, एक मागणी आपल्याकडेही आहे. पुरवणीत कादंबऱ्यांची आणि कवितासंग्रहांची परीक्षणे नेमाने येतात. इतिहासाच्या साधनांचा खंड मात्र निघाला काय आणि न निघाला काय, त्याची दोन ओळींची पोचही छापली जात नाही. अशा खंडांसाठी महिन्यातून अर्धा रकाना द्यावा आणि परीक्षण कागद वाचता येणाऱ्याकडून लिहून घ्यावे. आळशी प्राध्यापकांवर लिहिणाऱ्या आपल्या लेखकालाही मग कोणी काय काम केले ते पाहता येईल.

आपला,
इतिहासाचा एक अध्यापक