आधी तांब्या-फुलपात्र, मग हत्ती

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बालपुरवण्यांतून ‘पाच पायऱ्यांत हत्ती काढा’ अशी सदरे येतात. मुले ती गिरवतात आणि हत्ती जमतोही. पुढे एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेच्या तयारीत हीच सवय मुरते. स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रासाठी, बसथांबा, भाजीबाजार, वारी अशी तीन-चार चित्रे घोटून पाठ करायची आणि विषय कोणताही आला तरी त्यातलेच एक उतरवायचे. समोर खरी वस्तू ठेवली की मात्र तोच वळणदार हात अडखळतो. सहावी ते आठवीच्या वयात आपले चित्र खऱ्यासारखे दिसत नाही हे मुलांना स्वतःलाच कळू लागते आणि ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणून बरीच मुले कागद बाजूला सारतात. त्यांच्या हातात खोट नसते. पाहायचे कसे, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते, आणि ते दाखवता येते.

त्यासाठी टेबलावर घरातलाच तांब्या आणि फुलपात्र ठेवावे, मुलांपासून सहा-सात फुटांवर आणि त्यांच्या डोळ्यांच्या पातळीखाली. पहिले काम मापाचे. हात कोपरात न वाकवता ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचे टोक तांब्याच्या वरच्या कडेला लावायचे आणि खालची कडा येते तिथे अंगठा ठेवायचा. मग पेन्सिल आडवी करून रुंदी उंचीत किती वेळा बसते ते पाहायचे. कोपर जरा जरी वाकले तरी पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलते. प्रमाण चुकण्याचे नेहमीचे कारण हेच असते.

खरी गंमत फुलपात्राच्या तोंडाशी आहे. तोंड गोल आहे हे मुलाला ठाऊक असते, म्हणून तो ते जरुरीपेक्षा जास्त उघडे काढतो. भांडे टेबलावर सपाट बसते हेही ठाऊक असते, म्हणून तळाशी सरळ रेघ ओढतो. दोन्ही वेळा तो डोळ्यांना दिसलेले सोडून डोक्यात असलेले काढतो. यावर सांगून उपयोग नाही. फुलपात्र त्याच्या हातात द्यावे आणि कडा अगदी डोळ्यांसमोर धरायला लावावी. तोंडाची नुसती रेघ उरते. ते हळूहळू खाली नेले की रेघेचे लंबवर्तुळ होते आणि खाली जाईल तसे फुगत जाते. तळ तोंडापेक्षाही खाली असतो, म्हणून तळाचे लंबवर्तुळ, रुंदीच्या मानाने, तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा अधिक गोलसर यायला हवे. एवढे एक निरीक्षण पटले की पातेले, बादली, रांजण, सगळ्यांचे तळ सुधारतात.

काढताना आधी मधोमध उभा आस आखावा, त्याला काटकोनात आडवा. लंबवर्तुळ पूर्ण काढावे, तळाची मागची न दिसणारी बाजूसुद्धा, आणि ती नंतर पुसावी. नुसता पुढचा अर्धा भाग काढला तर दोन्ही टोके मासोळीसारखी टोकदार होतात. खऱ्या लंबवर्तुळाला टोक नसते, तिथेही वळणच असते. भांडे एका बाजूला कलले आहे का हे बघायला कागद उलटा धरावा. चूक लगेच डोळ्यांत भरते.

छायाप्रकाशासाठी मात्र स्टीलचे किंवा पितळेचे भांडे घेऊ नये. चकचकीत पृष्ठभागावर खोलीभरची प्रतिबिंबे पडतात आणि मूल गोंधळते. अंडे किंवा मातीचे मडके घ्यावे, दिवे बंद करून एकाच खिडकीचा उजेड ठेवावा. आधी पाच चौकोनांची पट्टी करून घ्यावी: पहिला कोरा, पाचवा ६बी या मऊ, काळ्याभोर पेन्सिलीने जमेल तितका गडद, मग मधला तिसरा आणि शेवटी दुसरा व चौथा. एका टोकाकडून भरत गेले की तिसऱ्या चौकोनातच काळोख होतो आणि पुढे जायला जागा उरत नाही. बोटाने घासून छटा मऊ करण्याची सवय वेळीच मोडावी. बोटांचे तेल कागदावर उतरते, तुकतुकीत डाग पडतात आणि त्यावर पेन्सिल धरत नाही. सगळीकडून सारखी जाड बाह्यरेषाही नको, तिने गोलाई मरते. सावलीच्या बाजूला, मडक्याच्या कडेशी, टेबलावरून परतलेला फिका उजेड दिसतो, तो सोडता आला की मडके गोल दिसू लागते. दाखवण्यासाठी चित्रकार सा. ल. हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र उत्तम. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचे समजतात, म्हणून चित्रकाराचे नावही मुलांना सांगावे. उजेड एकाच दिव्याचा, त्यामुळे तो कुठून येतो आणि कुठे कमी होतो हे लहान मुलालाही बोट ठेवून दाखवता येते.

रंगांबाबत पालकांना कळकळीची विनंती, चोवीस रंगांची पेटी घेऊ नका. तयार हिरवा आणि तयार जांभळा हाताशी असला की मूल मिश्रण करतच नाही. क्रिमसन (निळसर लाल), स्कार्लेट (पिवळसर लाल), लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), अल्ट्रामरीन (जांभळट निळा), प्रशियन ब्लू (हिरवट गडद निळा) आणि पोस्टर रंगांत पांढरा, एवढे पुरते. ‘लाल अधिक निळा म्हणजे जांभळा’ असे वर्गात सांगतात आणि मुलाच्या ताटलीत मातकट तपकिरी तयार होते. कारण स्कार्लेटमध्ये पिवळ्याची झाक असते, म्हणजे नकळत तिन्ही प्राथमिक रंग एकत्र येतात. जांभळ्यासाठी क्रिमसन आणि अल्ट्रामरीन घ्यावा. लख्ख हिरव्यासाठी लेमन यलो आणि प्रशियन ब्लू घ्यावा, पण पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घालावा. उलट केले तर पिवळ्याची अख्खी ट्यूब संपते. पिवळा गडद करायला काळा घातला तर तो शेवाळी होतो, त्याऐवजी ऑकर किंवा किंचित जांभळा वापरून पाहावा. पाण्याची भांडी दोन हवीत, एक ब्रश धुवायला, दुसरे रंगात मिसळायला. मळकट चित्रांचे निम्मे कारण त्या एकाच भांड्यातल्या पाण्यात असते.

जलरंगात पांढरे म्हणजे कोरा कागद. तेव्हा उजळ जागा आधी ठरवून राखाव्यात आणि फिक्याकडून गडदाकडे जावे. अर्धवट सुकलेल्या भागावर पुन्हा ओला ब्रश फिरवला की फुलकोबीसारखे डाग उमटतात. एक तर ओले असतानाच काम उरकावे, नाहीतर पूर्ण सुकू द्यावे. साध्या चित्रकलावहीचा पातळ कागद पाण्याने फुगतो, त्यावर जलरंगाचा आग्रहच धरू नये, पेन्सिल किंवा खडू द्यावा.

वर्गातल्या खिडकीच्या काचेवर एक डोळा मिटून, मान न हलवता, समोरचा रस्ता स्केचपेनने गिरवायला लावणे हा यथार्थदर्शनाचा, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसते तसे काढण्याचा, सर्वांत सोपा धडा आहे. दूरचा विजेचा खांब जवळच्या खांबाच्या किती पट लहान, हे मूल काचेवर पट्टी लावून मोजू शकते.

आपल्या पुरवणीत हत्तीच्या शेजारी दर आठवड्याला असा एक सराव छापता येईल का? जागा चौकोनभर पुरेल. पहिल्या आठवड्यात पाच छटांची पट्टीच द्या, मुलांना त्याच कागदावर पेन्सिलीने भरता येईल.

आपले,
चित्रकला शिकवणारे काही शिक्षक