पाळणा हलत नाही, त्याचे खापर नोकरीवर नको

संपादक महोदय,

जपानमध्ये २०२४ साली जेमतेम ६ लाख ८६ हजार मुले जन्मली. एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये, १.१५ वर आला. अशी बातमी छापून आली की 'बायका नोकरीला लागल्या, दुसरे काय होणार' ही प्रतिक्रिया ठरलेली असते. प्रगत देशांपुरते बोलायचे तर १९८०च्या सुमारापर्यंत आकडे तसेच सांगत होते. नंतरच्या दशकात ते उलटले. स्वीडन, डेन्मार्कमध्ये बहुसंख्य स्त्रिया कामावर असूनही जननदर सावरला. इटली, स्पेन, ग्रीसमध्ये घरी राहणाऱ्या स्त्रिया कितीतरी अधिक, तरी १९९०च्या दशकात तो १.३ च्या खाली घसरला.

स्वीडनची व्यवस्था नीट पाहण्यासारखी आहे. मूल झाले की आईबापांना मिळून ४८० दिवसांची रजा मिळते. त्यातले ३९० दिवस पगाराच्या जवळपास ८० टक्के रक्कम (वरची मर्यादा ठरलेली) आणि उरलेले ९० दिवस रोज १८० क्रोनर (स्वीडनचे चलन). दोघांचे प्रत्येकी ९० दिवस राखीव असतात. बापाने ते घेतले नाहीत तर आईला मिळत नाहीत, बुडतात. पैसे कंपनी देत नाही, सरकारी सामाजिक विमा देतो. त्यामुळे तरुण मुलीला नोकरीवर घेताना मालकाच्या डोक्यात रजेच्या पगाराचा हिशेब नसतो. मात्र एक अट आहे: बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी सलग २४० दिवस कमाई हवी. नसेल तर सुरुवातीचे १८० दिवस रोज फक्त २५० क्रोनर. साहजिकच तिथली मुलगी आधी शिकते, नोकरी पक्की करते आणि मग मुलाचा विचार करते. दुसरे मूल ३० महिन्यांच्या आत झाले, तर भत्ता पहिल्या मुलाआधीच्या पगारावरच धरला जातो, मधल्या काळात तिने कामाचे तास कमी केले असले तरी. या नियमामुळे दोन मुलांतले अंतर खरोखर कमी झाले. २००२ पासून पाळणाघराच्या शुल्कालाही मर्यादा आहे: पहिल्या मुलासाठी उत्पन्नाच्या ३ टक्के, दुसऱ्यासाठी २, तिसऱ्यासाठी १, चौथ्यापासून काही नाही.

याच व्यवस्थेतून एक गोष्ट सिद्ध झाली, जिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. १९९०च्या दशकात स्वीडनमध्ये मंदी आली, नोकऱ्या गेल्या आणि जननदर २.१ वरून १९९९ मध्ये १.५ पर्यंत कोसळला. नोकरी मुलांच्या आड येत असती, तर बेकारीत पाळणे भरायला हवे होते. झाले नेमके उलटे.

पश्चिम जर्मनीत बालवाडी आणि शाळा दुपारीच सुटत, शिवाय नवराबायकोच्या एकत्रित करआकारणीत कमी कमावणाऱ्या जोडीदाराच्या पगारावर कर जास्त बसतो. आई अर्धवेळ काम करी, नाहीतर मूलच होऊ देत नसे. २००७ मध्ये निव्वळ पगाराच्या ६७ टक्क्यांपर्यंत पालकभत्ता आला, २०१३ पासून वर्षाच्या मुलालाही पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आला आणि २०१६ पर्यंत जननदर १.५९ वर चढला.

पण पाळणाघरे काढली की मुले होतात, असेही नाही. हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अशा आशेवर आखलेली धोरणे पुढे निराशेने गुंडाळली जातात. जपानने पाळणाघरांची प्रतीक्षायादी २०१७ च्या २६ हजारांवरून २०२४ मध्ये अडीच हजारांवर आणली, १५ ते ६४ वयोगटातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया कामावर आहेत, तरी जननदर घसरतोच आहे. तिथे लग्नाबाहेर जेमतेम दोन टक्के मुले जन्मतात, म्हणजे लग्ने घटली की जन्म घटलेच. आणि घरात काय चालते? २०२१ च्या सरकारी पाहणीनुसार सहा वर्षांखालील मूल असलेल्या घरात बायको घरकाम व संगोपनाला दिवसाला ७ तास २८ मिनिटे देते, नवरा १ तास ५४ मिनिटे. दक्षिण कोरियात (२०२३ मध्ये जननदर ०.७२) याच्या जोडीला स्त्रीपुरुषांच्या पगारातली तफावतही प्रगत देशांत सर्वाधिक आहे. खुद्द स्वीडन २०२३ मध्ये १.४५ वर आला, फिनलंड १.२६ वर, इतक्या सोयी असताना हे का घडले, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. म्हणून पाळणाघर आणि रजा यांचे मोजमाप जन्मांच्या आकड्यावर करू नये. आईची नोकरी टिकते का आणि बाप घरात हात लावतो का, हे मोजावे.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा जननदर १.७ आणि गोव्याचा १.३ आढळला, तोही नोकरदार स्त्रियांचे प्रमाण युरोपच्या मानाने फारच कमी असताना. २०१७ पासून आपल्या कायद्यात २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आहे, पण ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, वेतनमर्यादेबाहेरच्या कर्मचारी स्त्रीचा तो पगार मालकाला खिशातून द्यावा लागतो. दहा-वीस माणसांच्या कचेरीत याचा परिणाम मुलाखतीतच होतो: नुकतेच लग्न झालेली उमेदवार बाजूला पडते. खासगी क्षेत्रात बापाला कायद्याने एकही दिवस रजा नाही. प्रसूती रजेचा खर्च ईएसआयच्या धर्तीवर सर्व पगारदारांसाठी सामाजिक विम्यातून भागवावा आणि बापाची रजा वेगळी, आईला देता न येणारी ठेवावी, ही मागणी राज्यातील खासदारांनी संसदेत मांडावी.

— लोकसंख्याशास्त्राची एक अभ्यासक, पुणे