मृगाआधी एवढं बघून घे

वेंगुर्ले, 20 मे

प्रिय बाय,

प्रभूच्या नावात सलाम.

आपल्या चर्चच्या मंडळीच्या चिटणिसाचं काम तू घेतलंस, बरं केलंस. पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या आहेत. आपल्याकडे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी येणार, बाकीचे रविवार मंडळीच्या वडिलांपैकी (एल्डरांपैकी) कुणीतरी उपासना चालवणार आणि देवळाची किल्ली तुझ्याकडे राहणार. सध्या चाकरमानी आलेत, बाकांवर जागा नाही. त्या गर्दीवर कसलाच अंदाज बांधू नकोस. जुलैत पंधरा डोकी आली तरी पुष्कळ.

आधी छप्पर. 7 जूनला मृग लागायच्या आत. वानरांच्या उड्यांनी कौलं फुटतात आणि बाहेरून बघून काही कळत नाही. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभी राहा, कवडसा पडेल तिथे जमिनीवर खडूने खूण कर. नुसता तडा गेलेलं कौल कवडशाने सापडत नाही. गडी वर चढला की त्याला बोटाने वाजवायला सांग. धड कौल खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. पन्हळीतला पाचोळा त्याच दिवशी काढून घे, नाहीतर पाणी उलटून भिंतीत मुरतं आणि कपाटातली रजिस्टरं ओली होतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेव. रजिस्टरात जेल पेनने लिहू नकोस, दमट हवेत ती शाई फुटते. बाप्तिस्म्याचा दाखला मागायला माणसं तीस-चाळीस वर्षांनीही येतात.

मेजावरचा पांढरा कपडा धुऊन ठेवताना खळ घालू नकोस. खळीवर कसर येते. खळ वापरायच्या आदल्या दिवशी.

आता प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत पाव आणि द्राक्षरस वाटण्याची, तयारी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पावसाळ्यात आपल्याकडे चांगली द्राक्षं मिळत नाहीत, म्हणून रस काळ्या मनुकांचा. चाळीस पेल्यांच्या एका तबकाला 200 ग्रॅम मनुका आणि 800 मिली पाणी. मनुकांना तेलाचा हात असतो, तो जाईपर्यंत कोमट पाण्यात दोनदा धू. शुक्रवारी रात्री भिजत घाल. शनिवारी मंद आचेवर वीस मिनिटं उकळ, डावाने ठेच, निवल्यावर मलमलीतून पिळून काढ. अर्ध्या लिटरच्या वर रस निघतो. पेल्यात 12 मिली धरले तर तबकाला पुरून थोडा उरतो. पातेलं स्टीलचं घे, आंबट रस अॅल्युमिनियमला लागतो. गुरुवारीच करून ठेवायचा मोह आवर. वीज गेली, फ्रीज बंद पडला की दोन दिवसांत रसाला फेस येतो. असा आंबलेला रस मेजावर ठेवायचा नाही, कुणी कितीही 'चालेल' म्हणालं तरी. दारू सोडलेली माणसं आपल्याच बाकांवर बसतात.

पेले पाऊणच भर. वाटणाऱ्या वडिलांचे हात आता थरथरतात. पाव शनिवारी संध्याकाळी आण, काप मात्र रविवारी सकाळी. रात्री कापून ठेवलेला मेमध्ये कडक होतो, पावसाळ्यात चिवट. कडा काढून एका स्लाइसचे सोळा तुकडे होतात. चाळीस जणांना तीन स्लाइस पुरतात, तू चार घे. उरलेलं वडिलांनी तिथेच संपवायचं आणि पेल्यांचं पहिलं पाणी मोरीत न टाकता झाडाच्या मुळाशी ओतायचं, ही आपल्या मंडळीची रीत. ती मोडू नकोस.

अंथरुणाला खिळलेल्यांची यादी शुक्रवारीच पाळकसाहेबांना कळव. ज्यांना गिळवत नाही त्यांना तुकडा रसात बुडवून द्यायचा, हे नावापुढे लिही. भेटीला तू एकटी गेलीस तर पंधरा मिनिटं बस. 121 वं स्तोत्र वाच, लहानशी प्रार्थना कर, ऊठ. उपदेश नको, जेवणाच्या वेळी जाणंही नको.

दानार्पण दोघांनी मोजायचं, ते दोघे एका घरचे नकोत. कुठल्या किती नोटा, किती नाणी, हे वहीत लिहून दोघांच्या सह्या. पैसे सोमवारी बँकेत. पावसात नोटा भिजून येतात, त्या सुकल्यावर मोज, चिकटलेल्या हमखास चुकतात. हंगामाच्या सणाला भोपळे, नारळ, सुरण, पोहे यांचा लिलाव होतो तेव्हा बोली सुटताक्षणी नाव आणि रक्कम लिही. 'नंतर देतो' म्हणणारा वाईट नसतो, विसरतो. नाताळात त्याच्या दारात वही घेऊन जायला तुलाच लाज वाटेल.

लग्नं बहुतेक मेमध्येच. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे आपल्याकडची वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7. मुंबईहून येणाऱ्यांचा मांडव उशिरा सजतो, म्हणून पत्रिकेवर दुपारी चारच्या पुढची वेळ छापू देऊ नकोस. पाळकांखेरीज किमान दोन साक्षीदार लागतात. नावं दोन्ही घरच्यांकडून कागदावर लिहून घे, ऐकून लिहू नकोस.

पावसाळ्यातलं दफन सगळ्यात अवघड. जांभ्यात खणायला पहार आणि चार गडी लागतात, आणि खड्डा रात्रभर उघडा राहिला तर पाणी भरतं, कडा ढासळतात. मुलं रात्रीच्या गाडीने मुंबईहून निघतात, गाडी उशिरा येणार हे धरूनच वेळ ठरव. मयतासाठी बर्फाचं आधी बघ. गडी पहाटे लाव, खड्ड्यावर ताडपत्री आणि भोवती मातीचा बांध घाल, उपसायला दोन बादल्या हाताशी ठेव. शवपेटी उतरवायला सुती दोर घे, नायलॉनचा ओल्या हातातून सुटतो. दोर देवळाच्या माळ्यावर आहेत. त्यांतला एक उंदरांनी कुरतडलाय, या आठवड्यात बदल.

गाण्याच्या पेटीच्या पट्ट्या दमटपणाने अडकू लागल्या की तिच्यावर जोर करू नकोस, कुडाळहून माणूस बोलाव. गाणं सुरू करण्याआधी सर्वात उंच ओळ मनात म्हणून बघ. ती म्हाताऱ्यांना पोचणार नसेल तर पट्टी उतरव. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं संथ घे. ते आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, ओवी-अभंगाच्या ठेक्यात लिहीत. घाई केली की शब्द सांडतात.

मनुका बाजारात जून लागायच्या आत घेऊन ठेव, नंतरच्या ओलसर येतात. सर्वांना सलाम सांग.

तुझे,
बाबा