आप्पा, तीन रंगांत फुलदाणी बसली

आदरणीय आप्पा,
सा. न.

तुमच्या छापखान्यात स्क्रीन प्रिंटिंगने छापलेलं आपलं फुलदाणीचं कापड फ्रेम होऊन भिंतीवर लागलं. बघायला येणारे कौतुक माझंच करतात, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

रेचल रॉइश या डच चित्रकर्तीचं १७०० सालचं फुलदाणीचं चित्र मी तुमच्याकडे आणलं, तेव्हा तुमच्या टेबलावर लग्नपत्रिकांचा ढीग होता. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही म्हणालात, "पोरी, इतला रंग कसाले?" मग मी सांगितलं, की त्या काळचे डच चित्रकार वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकाच फुलदाणीत रंगवायचे, खऱ्या बागेत ती एका वेळी मिळणारच नाहीत. त्यावर तुम्ही विचारलंत, मग आपल्याकडची का नको?

चित्र तिथेच बदललं. जुनी फुलं उचलून मोबाईलच्या कव्हरवर डकवणं सोपं असतं, त्याला मी डिझाइन म्हणत नाही. रॉइशबाईंची तिरकी, एका अंगाला झुकलेली मांडणी तेवढी ठेवली. फुलं मात्र फाल्गुनातला पळस, वैशाखातला बहावा, भादव्यातली कपाशी, आणि केळफूल, ज्याला आपल्याकडे ऋतूच नाही: पावसाळ्याच्या तोंडावरची मृगबाग आणि पावसाळ्यानंतरची कांदेबाग, अशा केळीच्या दोन लागवडी मिळून ते कधीही सापडतं.

काळी पार्श्वभूमी तुम्ही साफ नाकारलीत. कोरं मांजरपाट ताणलंत आणि पिवळा, लाल, निळा एवढेच स्क्रीन, म्हणजे एकेका रंगाची छपाईची जाळी, घेतलेत. शाईत पारदर्शक बेस मिसळून आधी पिवळा मारायचा. नुसता पिवळा तो बहावा. त्यावर लाल चढला की पळसाचा केशरी, निळा चढला की पान. लालावर निळा आला की केळफुलाचा जांभळट तांबडा. कपाशीचं फूल उमलताना फिकट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं; म्हणून एकाला नुसती पिवळ्याची पुसट झाक दिली, शेजारच्याला कोऱ्या कापडावर पातळ लाल. एवढा हिशेब तुम्ही पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलात. तो कागद मी जपून ठेवलाय.

कापड सरकतं, रंग काटेकोर जुळत नाहीत, तर आकारांमध्ये कोऱ्या कापडाची बारीक रेघ सोड, ही युक्तीही तुमचीच. आता लोक त्या रेघेलाच 'मॉडर्न' म्हणतात!

सगळ्यात मोठं ऋण गच्चीवरचं आहे. त्या काळच्या कितीतरी डच चित्रांतली पानं आज निळसर दिसतात, कारण हिरव्यातला पिवळा उडून गेला आणि निळा मागे राहिला. हे मी बोलता बोलता सांगितलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, पण दुसऱ्याच दिवशी निरनिराळ्या पिवळ्यांच्या पट्ट्या गच्चीवरच्या तारेला लटकत होत्या. धुळ्याच्या वैशाखातल्या उन्हापुढे भपकेदार लिंबोणी पिवळा टिकला नाही. साधा, जरासा मळकट वाटणारा टिकला. तोच आपण वापरला.

मजुरीचा विषय काढला की तुम्ही चहा मागवता. हे काही बरोबर नाही, पुढच्या वेळी चालणार नाही. लग्नसराई ओसरली की येतेच. पुढच्या कापडात तेरडा घ्यायचाय; त्याचा गुलाबी-जांभळा कुठल्या क्रमाने छापायचा, ते बघून ठेवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
फुलदाणीवाली पोरगी