सोलापुरात मधल्या मारुतीजवळ भेटलेल्या काकांना

जुने फोन जमवायचा मला नाद. मंगळवार बाजारात भंगारात बेंगळुरूच्या आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) कंपनीचा काळा, तबकडीचा फोन मिळाला. घंटी ठणठणीत, पण तबकडी परत येताना अर्ध्यातच अडकायची. मोबाईलवाल्यांनी बघूनच हात जोडले. मधल्या मारुतीजवळ एका घड्याळवाल्याकडे चौकशी केली, तर बाकावर बसलेले एक काका म्हणाले, "आणा बघू हिकडं." टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले!

तबकडी ठरावीक वेगानंच परतावी म्हणून आत इवलासा गव्हर्नर असतो. त्यातलं तेल सुकून गोंद झालेलं. काकांनी ते स्पिरिटनं पुसलं, सुईच्या टोकानं घड्याळाचं तेल लावलं. मग शून्य फिरवून डोळे मिटून ऐकत राहिले. शून्याचे दहा ठोके साधारण सेकंदात पडायला हवेत. "अजून मंद हाय," म्हणत त्यांनी पुन्हा स्क्रू काढले. मला तर फरक कळलाही नव्हता. घरून जेवायला बोलावणं आलं, तरी उठले नाहीत.

पैशाचं नाव काढू दिलं नाही. अर्धा चहा घेतला, बस्स.

काका, तबकडी आता झकास फिरते. मनापासून आभार. एकदा घरी या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आमच्याकडून.